तुझ्या जिन्यावरून पडलेला पाहुणा

३ मार्च

गुण्या,

मायना काय लिहावा यावरच चहा गार झाला. वकीलबाई म्हणतात, पत्र लिहूच नका आणि लिहिलंच तर ‘प्रति, घरमालक’ एवढंच लिहा. घरमालक लिहिलं, खोडलं. चिरंजीव लिहिलं, तेही खोडलं, कारण बोलणं बंद असलेल्या माणसाने आशीर्वाद पाठवावेत की नाही हे मला कोणी शिकवलेलं नाही. मग लहानपणीची हाक लिहिली. माझा गुण्या हातात धरून वर्कशॉपभर फिरायचीस आणि स्टुलापासून मांजरापर्यंत सगळ्यांना लावून बघायचीस, काटकोन बरोबर आहे का म्हणून. आवडली नाही तर पुढच्या पत्रात घरमालक लिहीन.

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताचं आहे. उजव्याचं काय झालं ते सांगायलाच हे पत्र.

गेल्या महिन्यात तुमच्या तळ्याकाठच्या घरात जे पाहुणे जिन्यावरून पडले, ते मी.

तुमच्याकडे नाव वेगळं आहे, बरोबर. ते नाव आपल्या पॉलिशवाल्याचं. त्या वेबसाइटवर खातं त्याचं, फोन त्याचा, म्हणून बुकिंग त्याच्या नावाने झालं. तो ठणठणीत आहे. तुझा निरोप त्याच्याच फोनवर आला. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली प्रकृती लवकर सुधारो.’ त्याने तो मला वर्कशॉपात मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाला, “मिस्त्री, तुझी पोरगी मला आपण म्हणते. आमच्या घरात मला कुणी तुम्हीसुद्धा म्हणत नाही.” मी म्हटलं, तुला नाही, मला म्हणतेय. मग तो डबा ढवळत बसला आणि मी काहीच न करता बसलो, कारण एका हाताने करण्यासारखं काही नव्हतं.

आता तू विचारशील, तुम्ही आमच्याकडे कसे? मी त्या बाजूला लाकूड बघायला आलो होतो. चांगलं वाळलेलं लाकूड हल्ली जवळपास मिळत नाही. राहायला जागा हवी होती, फोनवर जे पहिलं घर निघालं ते घेतलं. ते तुमचं निघालं. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही, तिला वाटतं मी वखारीत पडलो. तिला सांगू नकोस.

घर नीट ठेवलं आहेस. खिडक्या पूर्ण बंद होतात, हे मी दहा घरांत एका घराबद्दल म्हणतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचे कप्पे बाजारी आहेत, पण सरळ लावलेत. जिन्याचं मात्र सांगतो. तुमच्या जिन्याची सगळ्यात वरची पायरी बाकीच्यांपेक्षा सहा सूत जास्त उंच आहे. इंचाचे आठ सूत धरले तर पाऊण इंच. वरच्या मजल्यावर जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवली आहे. मजला वर चढला, जिना होता तिथे राहिला. चढताना माणसाचा फक्त अंगठा ठेचतो. उतरताना पाय जिथे पायरी आहे असं समजून पडतो, तिथे ती नसते. थोडीशीच नसते, पण नसते.

मी संध्याकाळी खाली उतरत होतो. हातात थोडं सामान होतं. पाय चुकला आणि मनगट खाली आलं. तुमच्याकडे सफाईला येतात त्या मावशी नेमक्या अंगणात होत्या. त्यांनी टॉवेलाने हात बांधला, गाडी बोलावली, आणि दवाखान्यात नाव सांगताना मी गडबडलो तर म्हणाल्या, “पडल्यावर होतं असं, नाव आठवेल हळूहळू.” बाई भली आहे. तिला बोल लावू नकोस.

मनगटात दोन हाडं मोडली आहेत आणि एक जरा फिरलं आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली तर हात वळेल. नाहीतर घास तोंडाशी जाईल, पण रंधा चालणार नाही. ऑपरेशन माझ्या आवाक्यातलं नाही, म्हणून पॉलिशवाला मला वकीलबाईंकडे घेऊन गेला. तरुण आहेत, मला काका म्हणतात. त्यांनी सांगितलं ते असं. घर भाड्याने देणाऱ्याने ते सुरक्षित ठेवायचं असतं, आणि न दिसणारा धोका असेल तर पाहुण्याला आधी सांगायचं असतं. नाही सांगितलं तर नुकसानभरपाई मागता येते. ती घरमालक खिशातून देत नाही, त्याचा विमा देतो. वेबसाइटचाही एक विमा असतो, पण तो बुकिंगमधल्या पाहुण्यासाठी, म्हणजे पॉलिशवाल्यासाठी. फरशीवाल्यावरही दावा होऊ शकतो, सापडला तर. या सगळ्याला मुदत आहे, आणि आधी नोटीस घरमालकाला द्यावी लागते.

“घरमालक कोण आहे ठाऊक आहे ना?” मी विचारलं.

“कागदावर एका बाईंचं नाव दिसतंय,” त्या म्हणाल्या. “ओळखीच्या आहेत का?”

मी म्हटलं, होत्या.

तर अशी नोटीस तुला येणार आहे. ती वाचण्याआधी हे वाचावंस म्हणून लिहिलं. मी तुझ्याविरुद्ध आहे असं त्यात लिहिलेलं असेल. खरोखर आहे की नाही, ते माझं मलाच नीट लागत नाही.

बाबा


१९ मार्च

गुण्या,

आईला सांगू नकोस असं मी स्पष्ट लिहिलं होतं. तू पत्र मिळाल्या मिळाल्या फोन केलास. आता दिवसभर एकच वाक्य ऐकतो. “लाकूड आणायला गेले आणि हाड मोडून आले.” शेजारणीलाही सांगून झालं. वर हेही कळलं की तुमचे फोन कधी बंद नव्हतेच. मी वर्कशॉपात गेलो की ती तुझ्याशी बोलायची, आणि जेवताना तुमच्या त्याच घराचे फोटो फोनवर उघडे टाकून तो माझ्या ताटाशेजारी ‘विसरून’ जायची, ते कशासाठी ते आता लक्षात आलं. मला मूर्खात काढण्यात तुम्ही दोघी एक आहात.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वखारीचं तू लिहिलंस ते मान्य. तळ्याच्या आसपास वखार नाही. होती असं मला कोणीतरी सांगितलं होतं.

“बाबा, तुम्ही माझ्यावर केस करा” हे वाक्य मात्र मला समजायला वेळ लागला. पहिल्यांदा वाटलं टोमणा आहे. दुसऱ्यांदा वाटलं रागाने लिहिलंयस. आई म्हणाली, “अहो, ती सरळ सांगतेय. विम्याचे हप्ते ती कशाला भरते मग?” वकीलबाईंनी पण तेच सांगितलं. केस नावापुरती तुझ्यावर, पैसे द्यायचे विम्याने. पण विमा आपणहून देत नाही. आधी सिद्ध करावं लागतं की चूक तुझी होती. म्हणजे माझा हात बरा व्हायचा तर मी लोकांसमोर म्हणायचं, माझ्या मुलीने निष्काळजीपणा केला. आणि तू म्हणतेस, म्हणा. आणि तुझी विमा कंपनी तुला सांगते, काहीही कबूल करू नका. आणि माझ्या वकीलबाई मला सांगतात, तिच्याशी बोलू नका. इतकी वर्षं आपण बोलत नव्हतो तेव्हा कोणालाच त्याची गरज नव्हती.

आता तू विचारलेला दुसरा प्रश्न. मावशी म्हणतात, वरच्या खोलीतल्या कपाटाचं डावं दार जिन्याखाली सापडलं आणि अंगणात लाकडाचा भुसा होता. हो. जे सामान माझ्या हातात होतं ते तेच.

ते दार खाली घासत होतं. रात्रभर कोणी कपाट उघडलं नाही तरी मला ते घासलेलं दिसत होतं, फरशीवर अर्धा गोल उमटला आहे, बघ. मी बिजागऱ्या काढल्या, दार अंगणात नेलं, खालची कड रंध्याने घेतली, वर नेऊन लावलं. अजून किंचित धरत होतं. म्हणून पुन्हा काढून खाली नेत होतो. वकीलबाईंनी विचारलं, “काका, सुट्टीवर जाताना रंधा कोण नेतं?” मी म्हटलं, लोक दाढीचं सामान नेतात ना. त्या हसल्या नाहीत.

कपाट तुझ्या सासऱ्यांच्या हातचं आहे हे मी ओळखलं. बिजागरीला ते नेहमी एक स्क्रू कमी लावतात. तुझ्या लग्नानंतर त्यांच्या घरी पहिल्यांदा आलो, तेव्हा त्यांनी स्वतः केलेलं पुढचं दार मला कौतुकाने दाखवलं होतं आणि मी म्हटलं होतं की हे दोन महिन्यांत घासायला लागेल. तू सगळ्यांसमोर “बाबा, आता पुरे” म्हणालीस आणि तिथून पुढचं सगळं. त्या दाराबद्दल मी आजही तेच म्हणेन. निवृत्त माणसाने छंद म्हणून काहीही करावं, पण ओलं लाकूड वापरू नये.

काल विमा कंपनीचा माणूस आला होता. तुझ्याच विम्याचा. गोड बोलणारा. वर्कशॉप फिरून पाहिलं, प्रत्येक हत्याराचं नाव विचारलं. मला कोणी हाताला धरून शिकवलं नाही, मोडक्या खुर्च्या उघडून शिकलो, हे त्याने लक्ष देऊन ऐकलं. मग जिन्याचं विचारलं. मी त्याला कागदावर काढून दाखवलं, सहा सूत कसे वाढले ते. तो म्हणाला, “मिस्त्रीसाहेब, मला हे जन्मात कळलं नसतं. तुमच्यासारख्या जाणकाराच्या मात्र लगेच लक्षात आलं असेल.”

“लगेच म्हणजे?” मी म्हटलं. “पहिल्यांदा वर गेलो तेव्हाच. बॅग ठेवायच्या आधी टेप लावली.”

त्याने ते लिहून घेतलं, मी सही केली, डाव्या हाताची. चहा घेऊन गेला. मला माणूस आवडला. वकीलबाईंना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनी ते वाक्य मला शब्दशः पुन्हा सांगायला लावलं.

काहीतरी चुकलं आहे एवढं समजलं. काय, ते अजून नाही.

बाबा


८ एप्रिल

गुण्या,

काय चुकलं ते समजलं. विमा कंपनीचं उत्तर आलं. भाषा फार सभ्य आहे. त्यांचं म्हणणं असं की धोका माहीत नसलेला पाहुणा वेगळा आणि धोका टेपने मोजून मग त्यावरून ओझं घेऊन उतरणारा वेगळा. शिवाय दोन्ही हात गुंतलेले, कठडा धरला नाही. शिवाय परवानगीशिवाय घराचं सामान उचकटत होतो. शिवाय बुकिंगमध्ये माझं नावच नाही. म्हणजे मी कोण? पाहुणा पॉलिशवाला आहे. कामगार म्हणावं तर मला कोणी कामाला बोलावलं नव्हतं. मी वकीलबाईंना विचारलं, मालकिणीचा बाप या नात्याने काही निघतं का? त्या म्हणाल्या, “काका, त्याने तर आणखी बिघडेल.”

सगळं संपलेलं नाही, असं त्या सांगतात. चूक वाटून धरतात म्हणे. इतकी घरमालकाची, इतकी पडणाऱ्याची, आणि त्या हिशेबाने भरपाई कमी होते. पण मी तोंडाने सांगितलेल्या त्या एका वाक्याने माझा वाटा फार मोठा झाला आहे.

पॉलिशवाला म्हणतो, “साधी गोष्ट आहे. सांग की मी फुशारकी मारली. लक्षात नव्हतं आलं. म्हातारा माणूस, नजर गेली नाही तिकडे.”

“मी म्हातारा नाही. आणि आलं होतं लक्षात.”

“अरे, पण ते तुझ्याशिवाय कोणाला माहितीय?”

“टेपला.”

“टेप कोर्टात येणार आहे का?” मग म्हणाला, “मिस्त्री, तुला हात पाहिजे की नाव पाहिजे, एकदा ठरव. दोन्ही नाही मिळणार.”

मी त्याला हाकलून दिला. तासाभराने तो माझ्या अपुऱ्या राहिलेल्या टेबलाला पॉलिशचा पहिला हात द्यायला परत आला, कारण गिऱ्हाईक थांबणार नव्हतं. टेबलाच्या कडा मी त्याला सांगून घासून घेतल्या. सांगून घासलेली कड आणि स्वतः घासलेली कड यांत काय फरक असतो ते तुला सांगायला नको. गिऱ्हाईकाला दिसला नाही. मी पैसे घेतले आणि रात्री जेवलो नाही. आई म्हणाली, “टेबलाचं सुतक पाळताय?”

तुझं पत्र त्याच दिवशी आलं. मागच्या हंगामात एका पाहुण्याने वेबसाइटवर लिहिलं होतं की वरची पायरी विचित्र वाटते, आणि तू ‘आम्ही नक्की बघतो’ असं उत्तर देऊन विसरलीस. हे तू विमा कंपनीला कळवणार आहेस. म्हणजे घरमालकाला आधीच ठाऊक होतं असं होईल आणि त्यांना हात वर करता येणार नाहीत. वकीलबाईंना मी सांगितलं तर त्या खुर्चीत सरळ बसल्या. म्हणाल्या, हे मिळालं तर केस उभी राहते.

पण त्यांनी हेही सांगितलं की असं कबूल केलं की वेबसाइट ते घर काढून टाकते. कर्ज त्याच घरावर आहे तुमचं आणि हप्ते त्याच्या भाड्यातूनच जातात. हे तू लिहिलं नाहीस, आईकडून कळलं.

आता मला सांग, यात कोणी काय करायचं असतं? तू स्वतःला दोषी ठरवलंस तर माझा हात वाचतो. मी स्वतःला दोषी ठरवलं तर तुझं घर वाचतं. आणि दोघंही खरंच बोलतोय. मी आयुष्यभर समजत होतो की माप घेतलं की भांडण मिटतं. इथे माप बरोबर आहे, त्यावर कोणाचा वादच नाही, आणि तरी कोण चुकलं ते निघत नाही.

एक गोष्ट मी त्या विम्याच्या माणसाला सांगितली नाही, कारण त्याने विचारली नाही. कठडा का धरला नाही, एवढंच त्याने लिहिलं. पाय चुकला तेव्हा दार सोडून दिलं असतं तर कठडा हाताला लागत होता. उजव्या बाजूलाच होता. मी दार सोडलं नाही. ते वर धरलं आणि मनगटावर गेलो. विचार करून नाही केलं, तेवढा वेळच नव्हता. पण ते दार आपटलं असतं तर चौकट उखडली असती, आणि मग ते तुझ्या सासऱ्यांना पुन्हा जमलं नसतं. तो कोपरा त्यांनी फार जीव लावून जोडला आहे. चुकीचा जोडला आहे, पण जीव लावून. हे मी जबानीत घातलं तर माझाच वाटा आणखी वाढेल, असं वकीलबाई म्हणतील. म्हणून तुलाच लिहितो.

सासऱ्यांनी ते दार बसवलं आणि आता घासत नाही, हे वाचून बरं वाटलं. वरती फट दिसते असं ते म्हणाले, त्यावर त्यांना सांग, ती मी ठेवली आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं. आणि बिजागरीला राहिलेला स्क्रू लावायला सांग.

तुझ्या छोटीच्या चालण्याचा व्हिडिओ आईने दाखवला. मी चष्मा लावून पाहिला. टाच आतल्या बाजूला टाकते, तू पण टाकायचीस.

कबुलीचं पत्र अजून पाठवू नकोस. का, ते विचारू नकोस. मला ठरवू दे. काय ठरवायचंय तेच नीट माहीत नाही, पण थांब.

बाबा


२ मे

गुण्या,

तू थांबली नाहीस. पाठवलंस, घर वेबसाइटवरून उतरवलं गेलं, आणि तुम्ही राहत होतात ती भाड्याची जागा सोडून तिकडे राहायला गेलात. हे सगळं होऊन गेल्यावर मला कळवलंस. लहान होतीस तेव्हाही आधी दिवा फोडायचीस आणि मग विचारायचीस, फोडू का. रागावलो आहे, पण आता ते बाजूला ठेवतो, कारण तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळी वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

तू लिहिलंस की छोटी आता जिना चढते. चढून वर जाते, उतरता येत नाही, वरच्या पायरीवर उभी राहून हाका मारते. आणि जिन्याला हात लावायचा नाही असं दोन्हीकडचे वकील सांगतात, कारण विमा कंपनीचा इंजिनिअर पाहून जाईपर्यंत तो पुरावा आहे. त्याची तारीख दोनदा पुढे गेली. आता जूनमध्ये म्हणे.

वकीलबाईंकडे मी लगेच गेलो. बुकिंग दाखवायला लागायचं म्हणून पॉलिशवालाही बरोबर. मी सांगितलं, जिना दुरुस्त करायचा आहे.

“काका, आत्ता नाही. तोच तर तुमचा पुरावा.”

“तिथे एक वर्षाचं पोर राहतं.”

“गेट लावू दे ना त्यांना वर.”

“गेट लावतात आणि उघडं टाकतात. मी आयुष्यभर गेटं केलीत.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, पोरीने एवढं मोठं पाऊल उचललं तुमच्यासाठी. आता पायरीच नीट केलीत तर समोरचे म्हणतील, सहा सूत कशावरून? तुमच्या मापाला कोण विचारतं? फोटो आहेत, मावशी आहेत, मी लढेन. पण निम्मं मिळेल, कदाचित तेवढंही नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने पुरावा पुसताय.”

पॉलिशवाला म्हणाला, “हाताने नाही हो बाई. हात कुठाय?”

यावर त्या पहिल्यांदा हसल्या आणि मग डोळे पुसले की चष्मा पुसला, ते नीट दिसलं नाही. म्हणाल्या, निदान फोटो काढताना शेजारी टेप धरायला सांगा, दोन साक्षीदार उभे करा, आणि समोरच्यांना आधी पत्राने कळवू. मी म्हटलं, कळवा, पण वाट बघायची नाही.

तेव्हा आता नीट वाच. एका पायरीवर फळी ठोकून भागवू नका. सगळे तेच करतात. वरून दुसरी पायरी सहा सुतांनी उचलली तर चूक नाहीशी होत नाही, एक घर खाली उतरते आणि माणूस तिथे पडतो. फरक सगळ्या पायऱ्यांत वाटावा लागतो. प्रत्येक पायरीवर फळी, सगळ्यात खालची पातळ, कागदाहून थोडी जाड म्हणावी इतकी, आणि वर जाताना प्रत्येक फळी आधीच्या फळीपेक्षा तेवढ्याच मापाने जाड. मग पायाला कुठेच काही कळत नाही. जाडीचा तक्ता मी सोबत लिहून दिला आहे. डाव्या हाताचा आहे, पण मापं चुकलेली नाहीत, दोनदा पाहिली.

काम तुझ्या सासऱ्यांना सांग. त्यांना जमेल. मी हे पॉलिशवाल्यासमोर लिहितोय आणि तो माझ्याकडे बघतोय. त्यांना सांग, लाकूड वाळलेलंच घ्या, कुठे मिळतं ते मी फोनवर सांगेन, आणि काही अडलं तर त्यांनी सरळ मला फोन करावा. वरती फट दिसते म्हणाले तरी चालेल.

माझ्या हाताचं विचारलंस. डॉक्टर म्हणतात, जास्त थांबलो तर पट्टीचाही उपयोग राहणार नाही. केस चालू आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल, काय मिळेल ते मिळेल. आई तिचे दागिने काढून बसली आहे आणि मी नको म्हणतोय. कोणाचं बरोबर, ठाऊक नाही. तुझ्यावर केस करून मी तुझ्या बाजूने आहे, की तुझ्या सांगण्यावरून तुझ्याविरुद्ध, हे वकीलबाईंनी मला कागदावर रेघा मारून दोनदा समजावलं, आणि दोन्ही वेळा मी मान हलवली.

फळ्या बसेपर्यंत आठ-दहा दिवस तरी जातील. तोवर छोटीला उचलून खाली आणत राहू नकोस, नाहीतर ती वर जाऊन हाकाच मारत राहील. तिला उतरायला शिकव. तोंड जिन्याकडे, पाठ खालच्या बाजूला. पोटावर पालथी होऊ दे, आधी एक पाय खाली सोडू दे, हवेत हलवून पायरी शोधू दे. लागली की दुसरा. घाई करेल, करू दे. वरच्या पायरीशी पाय जरा जास्त लांबवावा लागेल, तिथे ती घाबरेल आणि तुझ्याकडे बघेल. तू खाली उभी राहा, दोन पायऱ्यांवर, हात पुढे केलेले, पण अंगाला लावायचे नाहीत. धरलं की पोर धरणाऱ्यावर भार टाकतं आणि पायरी शोधायचं सोडून देतं.

तू तशीच शिकलीस. वर्कशॉपच्या माळ्यावरून. मी खाली उभा असायचो.

बाबा